कर्तव्याचा पाया आणि जगाचे स्वरूप

माणसाने कसे वागावे या प्रश्नाचे उत्तर, जग मुळात कसे आहे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते काय, हा तत्त्वज्ञानातील फार जुना आणि अद्याप न मिटलेला वाद आहे. पहिल्या प्रश्नाचा विचार नीतिशास्त्र करते. योग्य-अयोग्य, कर्तव्य-अकर्तव्य यांचा निर्णय कोणत्या कसोटीवर करावयाचा, हे ते तपासते. दुसऱ्या प्रश्नाचा विचार सत्ताशास्त्र करते, आणि येथे सत्ता म्हणजे राज्यकर्त्यांची सत्ता नव्हे, तर अस्तित्व, असणे, एवढाच अर्थ घ्यावयाचा आहे. ईश्वर आहे काय, आत्मा देहाहून वेगळा आहे काय, दिसणारे जग खरे की भासमान, कारण आणि कार्य यांच्या अखंड साखळीत माणसाच्या इच्छेला काही जागा उरते काय, हे या शास्त्राचे प्रश्न होत. नीतिशास्त्र सत्ताशास्त्रावर उभे असते, म्हणजे जगाचे खरे स्वरूप एकदा कळले की कर्तव्य आपोआप कळते, अशी समजूत आपल्याकडे इतकी रुजलेली आहे की ती तपासून पाहण्याची गरजही सहसा कोणाला भासत नाही. ती तपासणे हे या प्रस्तावनेचे प्रयोजन आहे.

त्यासाठी मराठी वाचकाला अथेन्स किंवा काशी गाठण्याचे कारण नाही. लातूर–नांदेड रस्त्यावरील चाकूर हे तालुक्याचे गाव मध्यबिंदू मानले, तर अवतीभोवतीच्या मुलखातच या प्रश्नाची बहुतेक उत्तरे देऊन झालेली आढळतात. पश्चिमेला अंबाजोगाई आहे, जिथे मुकुंदराजांची समाधी आहे आणि ज्यांचा शके १११० मधील मानला जाणारा ‘विवेकसिंधु’ शांकर अद्वैत मराठीत मांडतो. या शकाविषयी अभ्यासकांत वाद आहे, पण ग्रंथाच्या सिद्धान्ताविषयी नाही. दक्षिणेला राज्याच्या सीमेपलीकडे बसवकल्याण आहे, जिथे बाराव्या शतकात बसवेश्वर आणि त्यांचे सहकारी शरण यांनी समतेचा एक धाडसी प्रयोग केला, आणि ज्याचा वारसा सांगणारा लिंगायत समाज आज लातूर जिल्ह्यात मोठ्या संख्येने आहे. ईशान्येला नांदेड ओलांडून गेल्यास माहूर लागते, जे दत्तभक्तांइतकेच महानुभावांनाही पूज्य आहे. नैर्ऋत्येला किल्लारी आहे. तिचे नाव या यादीत अनपेक्षित वाटेल, पण नीती आणि वस्तुस्थिती यांच्या संबंधाची सर्वांत कठोर परीक्षा याच गावाने पाहिली, त्यामुळे तिचा विचार पुढे सविस्तर करावा लागेल.

नीतीचा पाया सत्ताशास्त्रातच शोधला पाहिजे, या मताची मराठीतील सर्वांत बळकट मांडणी लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’त आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ गीतेवरील टीका म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात त्याचा पूर्वार्ध म्हणजे नीतिशास्त्राच्या पायाविषयीचा स्वतंत्र प्रबंध आहे, आणि मराठीत त्या तोडीचा दुसरा झालेला नाही. कर्तव्यनिर्णयाचे तीन मार्ग टिळक वेगळे करतात. आधिभौतिक मार्ग कृत्याच्या बाह्य परिणामांवरून, म्हणजे त्यातून किती लोकांना किती सुख मिळाले यावरून, निर्णय देतो. इंग्रज विचारवंत मिल्ल आणि स्पेन्सर यांना ते या पक्षात बसवतात. आधिदैविक मार्ग प्रत्येकाच्या अंतःकरणात सदसद्विवेकाची एक देवता आहे असे मानून तिच्या कौलावर विसंबतो. तिसरा आध्यात्मिक मार्ग या दोन्हींच्या मागे जाऊन विचारतो की, ज्याला सुख व्हावयाचे आणि ज्याने निर्णय द्यावयाचा तो मनुष्य मुळात आहे तरी कोण. परिणाममोजणीचा अपुरेपणा दाखवण्यासाठी टिळकांनी अमेरिकेतील एका शहरातील ट्रामवेचे उदाहरण घेतले आहे: परवानगी लवकर मिळावी म्हणून चालकाने लाच दिली, ट्राम सुरू झाली, शहराची सोयही झाली, तरीही लाच देणे हे कृत्य चांगले ठरत नाही, कारण कृत्यामागील बुद्धी परिणामांच्या बेरजेत कोठेच दिसत नाही. सुखवादावरील ही टीका आजही खोडून काढणे सोपे नाही. ज्या काळात इंग्रजी शिकलेला मराठी तरुण मिल्लच्या पुस्तकापुढे हात जोडून उभा होता, त्या काळात ती तुरुंगाच्या कोठडीत लिहिली गेली, याचे कौतुक वेगळे.

अडचण पुढच्या पायरीवर येते. नवव्या प्रकरणात टिळक अध्यात्माकडे वळतात आणि सर्व भूतांत एकच आत्मा असल्यामुळे दुसऱ्याशी स्वतःप्रमाणे वागावे, म्हणजे आत्मौपम्य हीच नीतीची शेवटची कसोटी होय, असा निष्कर्ष काढतात. येथे दोन प्रश्न अनुत्तरित राहतात. सर्वांचा आत्मा एकच आहे हे विधान जगाविषयीचे आहे, तर सर्वांशी समान वागावे हे विधान कर्तव्याविषयीचे आहे, आणि पहिल्यातून दुसरे कसे निघते हे सांगण्यासाठी मधे आणखी एका विधानाची गरज लागते, जे स्वतःच नीतीचे असते. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७३९–४० साली याच फटीकडे बोट दाखवले होते: ‘आहे’ या क्रियापदावरून ‘असावे’ या क्रियापदावर लेखक नकळत उडी मारतात आणि त्या उडीचे कारण कधी देत नाहीत. दुसरा प्रश्न अधिक बोचरा आहे. मारणारा आणि मरणारा यांचा आत्मा एकच असेल, तर त्या एकत्वातून ‘मारू नये’ असा आदेश जसा काढता येतो, तसे ‘कोणी मारत नाही आणि कोणी मरत नाही’ असे आश्वासनही काढता येते, आणि कुरुक्षेत्रावर अर्जुनाचा शोक दूर करण्यासाठी आत्म्याच्या नित्यत्वाचा उपयोग या दुसऱ्या अर्थानेच केला गेला आहे. एकाच सत्ताशास्त्रातून करुणा आणि युद्ध दोन्हींना आधार मिळत असेल, तर निवड सत्ताशास्त्राने केलेली नसते. ती दुसरीकडे कोठेतरी झालेली असते.

इतिहासही हेच सांगतो. शंकराचार्यांनी जीव आणि ब्रह्म यांचे ऐक्य प्रतिपादन केले आणि त्याच ब्रह्मसूत्रभाष्यात, अपशूद्राधिकरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात, शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला. यात त्यांना विसंगती वाटली नाही, कारण परमार्थ आणि व्यवहार असे वास्तवाचे दोन थर मानले की वरच्या थरावरील अभेद खालच्या थरावरील भेदाला धक्का न लावता शाबूत राहतो. खुद्द टिळकांच्या बाबतीतही साम्यबुद्धीचा सिद्धान्त आणि सामाजिक आचार यांत अंतर राहिलेच. १९१८ साली मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केले, परंतु ती वैयक्तिक आचारात न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली नाही. उलट बाजूला गोपाळ गणेश आगरकर होते, ज्यांना आत्म्याच्या अमरत्वाविषयी शंका होती, ईश्वराच्या आधाराची गरज वाटत नव्हती, आणि तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, स्त्रियांच्या हालांविषयी ‘सुधारका’तील त्यांची लेखणी कधी थंड पडली नाही.

या विसंगतीवर सर्वांत नेमके बोट डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ठेवले. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेला ग्रंथ महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केला आणि त्यावरून वादळ उठले. ते वादळ राम-कृष्णांवरील प्रकरणाभोवती फिरत राहिले, आणि त्यामुळे तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असलेले बाविसावे कोडे जवळजवळ न वाचलेलेच राहिले. त्यात आंबेडकरांचा प्रश्न असा आहे: सर्व माणसे एकाच ब्रह्माची रूपे आहेत, हा सिद्धान्त लोकशाहीला ख्रिस्ती धर्मातील ‘सर्व माणसे ईश्वराची लेकरे’ या कल्पनेपेक्षाही भक्कम पाया देऊ शकला असता, मग ज्या समाजाने तो शोधला त्याच समाजात तो समतेच्या काहीच उपयोगी का पडला नाही? त्यांचे उत्तर असे की, ब्रह्म हे तत्त्वज्ञान म्हणून ठेवले गेले, धर्म म्हणून, म्हणजे आचाराचा नियम म्हणून, कधी स्वीकारले गेले नाही. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, अद्वैत खोटे आहे असे आंबेडकर या ठिकाणी म्हणत नाहीत. ते खरे असले तरी त्याने आपण होऊन काही साधले नाही, एवढेच ते दाखवतात, आणि वादाच्या दृष्टीने ही मांडणी अधिक भेदक आहे.

याच्या नेमके उलट चित्र महानुभाव पंथात दिसते. पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी असून एकमेकांहून कायमचे वेगळे आहेत. जीवाला परमेश्वराचा आनंद मिळू शकतो, पण जीव परमेश्वर कधीही होत नाही. हे कडक द्वैत आहे. ऐक्यातूनच समता जन्मते असे मानणाऱ्याने येथे विषमतेची अपेक्षा करावयास हवी. प्रत्यक्षात चक्रधरांनी स्त्रियांना आणि शूद्रांना संन्यासाचा अधिकार दिला, विटाळाच्या कल्पना झुगारल्या, आणि महदाइसेसारखी स्त्री त्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारीत राहिली, जे सारे म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त नोंदलेले आहे. तेराव्या शतकातच गोदावरीकाठच्या आपेगावाशी नाते सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांनी अद्वैताचीच वाट धरली, पण ‘अमृतानुभवा’त अज्ञानवादाचे खंडन करून जग हा अज्ञानाचा भास नसून चैतन्याचाच विलास आहे असे प्रतिपादन केले. जग भास असेल तर त्यातील भुकेलाही भास म्हणता येते. ते चैतन्याचे खरे प्रकटीकरण असेल तर तशी पळवाट उरत नाही, म्हणून ज्ञानेश्वरांची ही दुरुस्ती नीतीच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. तरीही द्वैती महानुभाव आणि अद्वैती वारकरी यांच्या आचारातील करुणा एकमेकींच्या इतकी जवळ आहे की तिचा उगम दोन परस्परविरोधी सत्ताशास्त्रांत शोधणे फोल ठरते.

लिंगायतांच्या बाबतीत कालक्रमच बोलका आहे. कायक म्हणजे प्रामाणिक श्रम हीच उपासना, आणि दासोह म्हणजे कमाई समाजाशी वाटून घेणे, ही मूल्ये बसवकल्याणच्या शरणांनी आधी जगून दाखवली. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या मधुवरसाची मुलगी आणि चांभार हरळय्याचा मुलगा यांचा विवाह त्यांनी लावला, त्याची किंमत जिवानिशी मोजली, आणि या साऱ्याला शक्तिविशिष्टाद्वैत, म्हणजे शक्तीने युक्त असे शिवतत्त्वच एकमेव सत्य आहे व जग हा त्या शक्तीचाच खरा विस्तार आहे, असा शास्त्रीय आधार श्रीकरभाष्यासारख्या ग्रंथांतून पुढील शतकांत मिळाला. म्हणजे पाया म्हणून जे दाखवले जाते ते पुष्कळदा इमारत उभी राहिल्यानंतर घातलेले असते. ही गोष्ट चांगल्या नीतीला लागू आहे तशी वाईट नीतीलाही. मनुस्मृतीचा पहिला अध्याय विश्वाच्या उत्पत्तीचे वर्णन करतो आणि त्यातच मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांपासून चार वर्ण निर्माण झाल्याचे सांगतो. पुढच्या अध्यायांतील दंड आणि निर्बंध मग माणसांनी केलेले न वाटता सृष्टीच्या रचनेतून आलेले वाटू लागतात. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी मनुस्मृतीची जी परखड चिकित्सा केली, ती वाचताना ही रचना डोळ्यांपुढे ठेवावी. समाजातील उतरंड टिकवावयाची असेल तर ती विश्वाच्या उतरंडीत बसवून दाखवणे हा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय असतो.

एवढ्यावरून सत्ताशास्त्राचा नीतीशी काहीच संबंध नाही, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल, आणि येथेच किल्लारीकडे वळणे भाग आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर गावे झोपेत असताना, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरील पट्ट्यात भूकंप झाला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. हे का घडले, या प्रश्नाला तेव्हा तीन प्रकारची उत्तरे दिली गेली. एक उत्तर प्रारब्धाचे होते: मागील जन्मीच्या कर्माचा भोग. दुसरे उत्तर भूगर्भाचे होते: स्थिर समजल्या जाणाऱ्या दख्खनच्या कवचातही ताण साठतो आणि केव्हातरी मोकळा होतो. तिसरे उत्तर अभियंत्यांचे होते, आणि ते सर्वांत अस्वस्थ करणारे होते, कारण ते घराच्या भिंतीतच होते. मातीत बसवलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, आतल्या आणि बाहेरच्या थरांना बांधून ठेवणाऱ्या आडव्या दगडांचा अभाव, आणि उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून वर्षानुवर्षे माती चढवून जड झालेले माळवद. हादरा मध्यम स्वरूपाचा असूनही या घरांनी माणसे गाडली.

या तीन उत्तरांपैकी कोणते खरे मानावे, हा सत्ताशास्त्राचा प्रश्न आहे, कारण जगातील कार्यकारणभावाचे स्वरूप काय हेच त्यात विचारलेले आहे. आणि त्यावर कोणाचे काय कर्तव्य ठरते हे थेट अवलंबून आहे. कर्मविपाक, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला याच किंवा पुढील जन्मी अटळपणे मिळते हा सिद्धान्त, विश्वाच्या रचनेतच न्याय भरलेला आहे असे मानतो. तो शब्दशः घेतला तर ढिगाऱ्याखालचे तान्हे मूलही आपले देणे फेडत असते, आणि मग गवंड्याला दगड बांधण्याचे तंत्र शिकवण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, घरांना कंबरपट्ट्यासारख्या काँक्रीटच्या पट्ट्या घालण्यात आल्या, आणि हे करणाऱ्यांपैकी अनेकजण घरी प्रारब्धावर विश्वास ठेवणारेच होते. माणसे आपल्या तत्त्वज्ञानापेक्षा चांगली वागतात, याचा हा एक पुरावा म्हणावा. पण त्यावर विसंबून तत्त्वज्ञानाला सूट देता येत नाही.

असाच प्रसंग किल्लारीच्या सुमारे साठ वर्षे आधी मोठ्या व्यासपीठावर घडून गेला होता. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारमधील भूकंपाला महात्मा गांधींनी अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेली ईश्वरी शिक्षा म्हटले, आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्यावर घेतलेला जाहीर आक्षेप गांधींच्याच ‘हरिजन’ साप्ताहिकात छापला गेला. भौतिक आपत्तींची कारणे भौतिकच असतात, हा टागोरांचा पहिला मुद्दा होता. पण अधिक धारदार मुद्दा दुसरा होता, तो असा की हीच युक्ती गांधींच्या विरोधकांच्या हाती अधिक शोभून दिसेल, कारण भूकंप हे अस्पृश्यता मोडू पाहणाऱ्यांच्या पापाचे फळ आहे असे सनातन्यांनाही म्हणता येईल. गांधींची नीती निर्दोष होती आणि तिच्यासाठी त्यांनी वापरलेले जगाचे चित्र सदोष होते. दोघांत कोण अधिक धार्मिक होते हा प्रश्न येथे गैरलागू आहे. कोण अधिक बरोबर होते, हा नाही, आणि त्याचे उत्तर टागोर असे द्यावे लागते.

पाश्चात्य विचारातही हा झगडा कमी गुंतागुंतीचा नाही, परंतु त्याची वळणे येथे धावतीच नोंदवणे पुरेसे आहे. १९०३ साली जी. ई. मूर याने चांगुलपणा हा कोणत्याही नैसर्गिक गुणधर्मात, उदाहरणार्थ सुखात, विरघळवता येत नाही असा युक्तिवाद केला; १९७७ साली जे. एल. मॅकी याने त्याहून पुढे जाऊन म्हटले की, जगात वस्तू आहेत, घटना आहेत, पण आपल्याला आज्ञा करणारी मूल्ये नावाची कोणतीही चीज नाही, आणि ती असती तर इतर कशासारखीही नसणारी मोठी विचित्र चीज ठरली असती. यांच्या दरम्यान आल्बर्ट श्वाइट्झर यांनी भारतीय विचार जगाला नाकारतो म्हणून त्यातून कर्तव्यशील नीती निघू शकत नाही असा आरोप केला आणि राधाकृष्णन यांनी १९३९ च्या ग्रंथात त्याला उत्तर दिले. या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली, ती म्हणजे सत्ताशास्त्राकडून नीती खाली उतरत येते. आणि वर पाहिल्याप्रमाणे तेच गृहीत डळमळीत आहे.

खरा संबंध वेगळ्या प्रकारचा दिसतो. जगाचे स्वरूप माणसाला कर्तव्य सांगत नाही, परंतु कोणते कर्तव्य शक्य आहे, कोणावर आहे आणि कोणाप्रती आहे, हे ते ठरवते. जनावराला वेदना होतात काय, देहाबरोबर माणूस संपतो काय, दारिद्र्य हे कारणांतून आलेले आहे की लिहून ठेवलेले आहे, यांची उत्तरे बदलली की दयेचा आदेश तोच राहूनही तिचा पल्ला बदलतो. उलट दिशेनेही एक नाते आहे, ज्याकडे मराठी लेखनात फारसे लक्ष दिले गेलेले नाही: नीती ही सत्ताशास्त्राला जाब विचारू शकते. भोगणाऱ्याचे दुःख खोटे ठरवल्याशिवाय किंवा त्याच्याच माथी मारल्याशिवाय जो सिद्धान्त उभा राहू शकत नाही, तो सिद्धान्त त्या एका कारणानेच पुन्हा तपासण्याजोगा ठरतो. आंबेडकरांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाची पद्धत हीच आहे. आत्मा नाही, जगन्निर्माता नाही, आणि गेल्या जन्माचे कर्म या जन्माच्या दारिद्र्याचे कारण मानणे नाही, अशी वजाबाकी तेथे केली आहे, कारण माणसाची माणसाप्रती जबाबदारी झाकणारे काहीही त्यांना जगाच्या चित्रात ठेवावयाचे नव्हते. ही पद्धत धोक्याची आहे, हेही मान्य केले पाहिजे, कारण एखादी गोष्ट नकोशी आहे एवढ्यावरून ती नाही असे ठरत नाही. तिला तर्काच्या आणि अनुभवाच्या पुराव्याची जोड हवी, आणि किल्लारीच्या भिंतींनी ती जोड पुरवली आहे.

या विषयाकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकाने ‘गीतारहस्या’चे चौथे, नववे आणि दहावे प्रकरण आधी वाचावे, कारण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा मेळ घालण्याची टिळकांची धडपड दहाव्या प्रकरणात आहे आणि त्यांची सर्वांत मोठी अडचणही तेथेच आहे. त्यानंतर लगेच आंबेडकरांचे बाविसावे कोडे वाचावे, आणि मधे कोणाचेही भाष्य येऊ देऊ नये. पाश्चात्य परंपरेची ओळख हवी असल्यास वामन मल्हार जोशी यांचा ‘नीतिशास्त्रप्रवेश’ आणि मे. पुं. रेगे यांचे नीतिशास्त्रावरील लेखन मराठीत उपलब्ध आहे. हे दोघेही कठीण विषय सोपा करताना त्याला पातळ करीत नाहीत.